एका बॉनेटवर दोन हार

दसऱ्याचा हार घातलेल्या माझ्या फियाटमध्ये बायकोचा प्लास्टरमधला पाय काही केल्या मावेना. दवाखान्यात तर जायचंच होतं. "राहू दे हो," ती दमून म्हणाली.

शेजारचे खळदकर समोरच आपली हार घातलेली अँबॅसिडर पुसत होते. "पिकअप फियाटचा, तुमचा नुसता हत्ती," असं त्यांना वर्षानुवर्षं हिणवून मीही आता थकलो होतो. वाटलं, आज ते सगळं त्यांच्याकडून उलट ऐकावं लागणार.

त्यांनी फडकं ठेवून अँबॅसिडरचं मागचं दार उघडलं. बायको सीटवर पाय लांब करून टेकली आणि तिनं डोळे मिटले.

मी फियाटचा हार उतरवून त्यांच्या बॉनेटवर चढवला.

"चढावर मात्र तुमचीच पळते हं," गाडी सुरू करत ते पुटपुटले.

दवाखान्याच्या वाटेवर एकही चढ नाही.