वळणावरचा आवाज

"पिकअप तसूभरही कमी व्हायला नको, पण गाडी मांजराच्या पावलांनी दारात आली पाहिजे, घरात कुणाला चाहूलसुद्धा लागता कामा नये," असे मेकॅनिकला बजावून गाडीमालक फोन घ्यायला बाहेर गेला. मेकॅनिकने सर्वांत शांत सायलेन्सर काढून ठेवला, तोच इतका वेळ कोपऱ्यात बसून असलेली मालकाची बायको जवळ आली.

"दादा, आहे तेवढाच आवाज राहील असा बसवा ना."

मेकॅनिक हसला. "वहिनी, बायका इथे आवाजाला वैतागून येतात! तुमचं आपलं उलटंच."

काचेपलीकडे नवऱ्याची पाठ असल्याची तिने खात्री करून घेतली.



"वळणावर गाडी ऐकू आली, की मुलांना पलंगाखाली लपायला वेळ मिळतो."