पहिलीच खेप

"बोल की रं, तोंड शिवलंय का?" कोर्टाच्या मागच्या बाकाजवळून सरुबाई कुजबुजली, तसे शिपायानं डोळे वटारले.

पिंजऱ्यात तिचा थोरला, महिपती, खाली मान घालून उभा होता. कुरवंड्याचा एकोणीस वर्षांचा पोरगा, लोणावळ्यात शेठच्या बंगल्यावर कामाला. दारू पिऊन शेठची मोटार हाकली आणि नाक्यावर गावातल्याच कोंडूच्या बैलाचा पाय मोडला, असा आरोप. छत्तीस सालची गोष्ट. अख्ख्या गावात मोटारीत बसलेलं माणूस नव्हतं, आणि हा दिवटा म्हणे हाकायला निघाला!

"मोटार तूच हाकत होतास?" मामलेदारसाहेबांनी विचारलं.

महिपतीनं वकिलाकडं पाहिलं. "व्हय सायेब. मीच."

 सरुबाईचा नवरा दारूनंच गेलेला. घरात गुत्त्याचं नाव निघालं तरी हा पोरगा ताटावरून उठायचा. मग हे शिकला कुठं? ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय! बंगल्यावर धाडलं तिथंच चुकलं. पण न धाडून करते काय? राहतं घर शेठच्या जागेत. त्यांनी ऊठ म्हटलं की दोन्ही पोरांना घेऊन रस्त्यावर.

वकील मात्र शेठनंच दिला होता. तो उठला. "साहेब, वय कोवळं. पहिलाच गुन्हा, तोही कबूल केलाय. घरी विधवा आई. तुरुंगात सराईतांच्या संगतीला बसला, तर जन्माचा बिघडेल."

साहेबांनी पुढ्यातले कागद चाळले. सरुबाईनं मनातल्या मनात वाघजाईला नवस बोलला.

"लहान आहेस, पहिलीच खेप आहे, म्हणून सोडतो," साहेब म्हणाले. "वर्षभर नीट वागण्याची हमी लिहून दे. पण पुन्हा माझ्यासमोर आलास, तर दया नाही. थेट तुरुंग."

बाहेर येताच तिला रडू फुटलं. पोरगा सुटला, बाई, सुटला!

चिंचेखाली शेठची मोटार उभी होती. आत धाकटे शेठ भरदुपारी पिऊन घोरत पडले होते. शेजारी बंगल्यावरचे दिवाणजी पान चघळत होते. सरुबाई त्यांच्या पाया पडली.

"लय उपकार झालं, दिवाणजी. आता ह्याला मोटारीच्या चाकाला हात लावू दिऊ नगा."

"यानं कधी लावलाय?" दिवाणजी हसले. "पुसायचा तेवढी. याला येते कुठं मोटार? घेऊन जा घरी. आता याचं बंगल्यावर काम नाही."

सरुबाईनं महिपतीकडं पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

दिवाणजींची नजर तिच्यामागं भाकरीचं फडकं धरून उभ्या असलेल्या नथूवर गेली.

"हा धाकटा ना तुझा? उद्यापासून याला धाड. याच्या नावावर कोर्टात अजून काही नाही ना?"