चाळीस जणांची माफी

नात अनिकाचं बारसं झालं, त्या वर्षी मी अमेरिकेत, कॅरीला मुलाकडे होतो. घरामागच्या लॉनवर मांडव घालायला कॉलनीच्या असोसिएशनची परवानगी लागायची, आणि तिच्या अध्यक्ष मार्गारेटबाई ती काही देईनात. पण माझं गाव कोकणातलं कातळटेंब, हे कळताच त्या स्वतःच एक मखमली डबी घेऊन घरी आल्या. डबीत त्यांच्या खापरपणजोबांचं, कॅप्टन हार्डविकचं, इंग्लंडच्या राणीच्या काळातलं मेडल होतं.

“त्यांनी तुमच्या गावात चाळीस बंडखोर मारले,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पलटणीनं घरी पाठवलेल्या पत्रात तसं लिहिलंय. रविवारी लायब्ररीत सगळ्यांसमोर तुम्ही मला माफ कराल का?” माझा मुलगा शैलेंद्र त्यांचं बोलणं मला मराठीत सांगत होता.

“बाईंना सांग, त्यानं कुणालाच मारलं नाही. गाव आधीच डोंगरात पळालं होतं.”

शैलेंद्रनं ते सांगितलंच नाही. “बाबा, प्लीज, माफ करून टाका ना. मांडवाचा फॉर्म तिच्या पर्समध्येच आहे.”

रविवारी मी चाळीस खून माफ केले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि मार्गारेटबाईंनी फॉर्मवर तिथल्या तिथे सही केली.



कॅप्टन हार्डविक १८५८ च्या मे महिन्यात, आमच्या रिकाम्या गावात पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी, माझ्या खापरपणजोबांच्या अढीतले अर्धेकच्चे आंबे खाऊन जुलाबानं मेला.