उडीआधीची खूण

कावासाकीच्या हॉलमध्ये माझ्या निवृत्तीचे दहा ठोके घंटेवर पडले. रंगीत कागदी फितींनी कुस्तीची रिंग भरून गेली. खाली उतरले, तर समोर चाकाच्या खुर्चीत कोझुए. अकरा वर्षांपूर्वी तिलाच हरवून मी चॅम्पियन झाले. त्यानंतर ती उभी राहिलीच नाही.

"मिनेकोताई, रडू नका हो! मेकअप ओघळून अगदी भूत दिसताय."

"कोझुए, ती शेवटची उडी..."

"पुरे ना आता! आपली रीतच आहे. उडीआधी हात दाबून विचारायचं, ठीक आहेस ना? खालचीनं उलट दाबला, तरच उडीसाठी रिंगच्या दोरावर चढायचं. त्या उडीच्या आधीच मी मानेवर आपटले होते, त्यानंतरचं मला काही आठवत नाही, पण दाबला असणार मीच. उगाच शूरपणा! नाहीतर तुम्ही उडी मारलीच नसती."

तिची आई माझ्यापुढे कमरेत वाकली. "पोरीच्या हट्टापायी इतकी वर्षं तुमच्या जिवाला घोर लागला. माफ करा."

मी कोझुएचा लुळा हात हातात घेतला आणि दाबला.

उत्तर आलं नाही. त्या दिवशीही आलं नव्हतं.