विसराळू सुतार

"आज वार कोणता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रविवार असेल," म्हातारा सुतार चाचरत म्हणाला.

"घ्या! रविवारी दवाखाना उघडा असतो होय?" शेजारी बसलेला त्याचा मुलगा खो-खो हसला. टेबलावरच्या डब्यातली चौथी चॉकलेटची गोळी त्याने तोंडात टाकली.

पण काही म्हणा, मुलगा असावा तर असा! स्वतः पन्नाशीचा, तरी बापासाठी भर कामाच्या दिवशी कारखाना बंद ठेवून आला. पूर्वी त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. आता वर्षभरात कसा मोकळाढाकळा झाला होता! "कपाट कसलं करता, आधी पोट कमी करा," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायचा. गिऱ्हाईक तुटलं तरी स्वारी मजेत.

म्हाताऱ्याला यापुढे करवतीच्या मशीनवर उभं राहू द्यायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. साठ वर्षं त्या हातांनी काम केलं होतं. कारखान्याबाहेर त्याला दुसरं जग नव्हतं.

"सहा महिने झाले," मुलगा म्हणाला. "म्हातारा मापं विसरतो. चहात मीठ घालतो. नशीब, फळ्या बिघडवतो त्या टाकाऊच असतात."

"घरात आधी कुणाला असा त्रास?"

"माझ्या थोरल्या भावाला," म्हातारा पुटपुटला.

"छे! काका कुठे विसरायचा? त्याचं तर पन्नाशीतच डोकं फिरलं होतं."

"आजार एकच असू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतारवयात आला, तर पुष्कळदा आठवणीपासून सुरुवात होते. पन्नाशीत आला, तर बहुतेक वेळा आधी स्वभाव बदलतो. भीडभाड सुटते, माया आटते. आणि आपल्याला काही झालंय, हे त्या माणसाला पटतच नाही."

"मग याला द्या गोळ्या. बाहेर बिस्किटं दिसली मला," म्हणत मुलगा बोलणं अर्धवट टाकून उठला. दार धाडकन लागलं.

म्हातारा ताठ बसला. त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता.

"बाई, मी काहीही विसरत नाही. सहा महिने सोंग काढलंय. स्वतःसाठी तो या दारात कधीच आला नसता. आता त्याला तपासा."