धवलची बंद गाडी

हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून सुनंदाबाईंची नजर दाराकडे असायची. मुलगा धवल मात्र दर रविवारी मुलुंडहून फोन करायचा, "आई, निघणारच होतो. गाडी सुरूच होत नाहीये गं."

शेवटी त्यांच्या नवऱ्याने, नंदकिशोरांनी, मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडीची दुरुस्ती शिकून घेतली. एका रविवारी पाना घेऊन ते बोरिवलीहून थेट मुलाच्या पार्किंगमध्ये पोचले. बॅटरीची वायर निघालेली होती. त्यांनी ती बसवून घट्ट आवळली आणि गाडी लगेच सुरू झाली.

"चल, आई वाट बघतेय," हात पुसत ते म्हणाले.

धवलने इंजिन बंद केलं.



"ती वायर मीच काढून ठेवतो, बाबा. आईशी खोटं बोलवत नाही मला."