रुपेरी लव

"बघा, कशी हिरवीगार दिसतायत पानं!" देवस्थळींनी दिवाणखान्याच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं फळीवर बांधलेलं, सांबरशिंगासारख्या पानांचं दुर्मीळ फर्न माझ्याच नर्सरीतलं. दिलं तेव्हा पानं रुपेरी होती. आता ती प्लास्टिकसारखी चकाकत होती आणि टोकं करपून लोंबत होती.

"पण सुकतंय हो. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"पानं पुसलीत का?"

"आमच्या शेवंताबाईंना रोज सांगायचो, धूळ पुसा. तर म्हणे, 'साहेब, ही धूळ नाही, झाडाची लव आहे. पुसू नका.' आळशीपणा, दुसरं काय! नऊ वर्षं कामाला असलेली बाई काढून टाकली. सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं, हिला कुणी कामाला ठेवू नका म्हणून. मग मीच ओल्या फडक्यानं घासून काढलं."

हातातला त्यांचा चहा मी न पिताच खाली ठेवला.

"ती लवच होती. तिच्यामुळे पानात ओल टिकते. गेली की त्या पानावर पुन्हा येत नाही. बाई खरं सांगत होत्या."

देवस्थळींनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, शेवंताबाईंना लावतायत.

त्यांनी करपलेल्या पानांचा फोटो काढला.

"असंच दुसरं आणून द्या," ते म्हणाले. "आणि नव्या बाईला तुम्हीच नीट समजावा. या बायकांना झाडांतलं काही कळत नाही."